ऊस दराच्या बातमीत उताराही छापावा

महोदय,

ऊस दरावर आपल्या दैनिकात येणाऱ्या बहुतेक पत्रांत लिहिणाऱ्याचा पक्ष पहिल्या दोन ओळींतच कळतो, हिशेब मात्र शेवटपर्यंत कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर टनाला ३५०० रुपयांसाठी शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हाही हेच झाले. एफआरपी (केंद्र ठरवते तो उसाचा किमान दर), साखरेची किमान विक्री किंमत, निर्यात आणि इथेनॉलचा कोटा केंद्राच्या हातात आहे, असे कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हणाले. जबाबदारी राज्याची आहे, असे केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी म्हणाले. आपल्या सीमाभागात त्यात तिसरा सूर मिसळला: कोल्हापूरला जास्त आणि आम्हाला कमी, म्हणजे हा मराठी शेतकऱ्यावर अन्याय. तिन्ही बाजूंत थोडे थोडे तथ्य आहे, पण पुरा हिशेब कोणीच मांडत नाही.

एफआरपीत नेहमी दोन आकडे असतात, एक रक्कम आणि दुसरा ती ज्या उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीला) लागू आहे तो मूळ उतारा. बातमीत फक्त रक्कम येते. २०१७-१८ ला टनाला २५५० रुपये होते, मूळ उतारा ९.५ टक्के. २०१८-१९ ला २७५० झाले, पण मूळ उतारा १० टक्के केला. बातमी आली २०० रुपये वाढीची. आता ११ टक्के उताऱ्याचा कारखाना धरा. पहिल्या वर्षी मूळ उताऱ्याच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे २६.८० रुपये होते, म्हणजे एकूण २९५२. दुसऱ्या वर्षी २७.५० प्रमाणे ३०२५. खरी वाढ ७३ रुपये. २०२२-२३ ला पुन्हा तसेच झाले: २९०० चे ३०५० केले, पण मूळ उतारा १०.२५ वर नेला. त्याच ११ टक्क्यांच्या उसाला वाढ मिळाली सुमारे ८९ रुपयांची. केंद्राची बाजू घेणाऱ्यांनी २०० आणि १५० हे आकडे सांगताना ७३ आणि ८९ सुद्धा सांगायला हवेत.

केंद्राला नुसती नावे ठेवणाऱ्यांनीही दोन गोष्टी गाळू नयेत. उतारा ९.५ च्या खाली गेला तरी दर ९.५ टक्क्यांच्या दराखाली जात नाही. २०२५-२६ साठी ती मर्यादा टनाला ३२९०.५० आहे. पाण्याअभावी ऊस वाळतो त्या वर्षी हा मोठा आधार असतो. दुसरे, २०२५-२६ हंगामाचा मूळ दर ३५५० आहे आणि वरच्या ०.१ ला ३४.६० रुपये मिळतात. पण साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, ती २०२५ चे गाळप सुरू झाले तेव्हाही ३१ च होती. उसाचा दर वाढतो आणि साखरेचा नाही, ही कारखानदारांची तक्रार खोटी नाही. मात्र ती सांगताना इथेनॉल आणि सहवीज (उसाच्या चोथ्यापासून कारखान्यात बनणारी वीज) यांचे उत्पन्न झाकून ठेवले जाते, ते बरोबर नाही. साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला द्यावेत, असे रंगराजन समितीने २०१२ मध्येच सांगितले होते.

आता कोल्हापूरशी तुलना. एफआरपी गव्हाणीवरची, म्हणजे ऊस कारखान्यात पोहोचवल्यावरची असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो. ११ टक्के उताऱ्याला २०२५-२६ हंगामात ३८०९.५० येतात. तोडणी-वाहतूक ८०० धरली तर हातात ३००९.५०, ९०० धरली तर २९०९.५०. एका बातमीत गव्हाणीवरचा दर आणि दुसरीत हातात पडणारा दर छापला, तर दोन राज्यांत आठशे-नऊशे रुपयांचा खोटा फरक दिसतो आणि त्यावर भाषणे होतात. गुर्लापूरच्या आंदोलनानंतरचा ३३०० चा तोडगा तोडणी-वाहतूक सोडून, ११.२५ उताऱ्याचा होता. त्यात ५० रुपये राज्य सरकारचे. चिकोडी-निपाणीकडे पुष्कळांनी तो सरसकट ३३०० असा वाचला आणि कमी उताऱ्याच्या कारखान्याचे बिल आल्यावर फसवणूक झाली असे म्हटले.

खरी गळती वजनकाट्यावर आणि उताऱ्यात असते, आणि तिथे जबाबदारी राज्याच्या यंत्रणेची आहे. दहा टनांच्या ट्रॉलीत एक टक्का वजन मारले तर शंभर किलो, म्हणजे वरच्या दराने ३८१ रुपये गेले. बी हेवी मळी (जिच्यात अजून साखर शिल्लक असते ती मळी) इथेनॉलला वळवली की साखरेचा उतारा दीड टक्क्याच्या आसपास कमी दिसतो. ती वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवली नाही, तर टनाला पाचशेच्या वर फटका बसतो. दर मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे ही चूक शेतकऱ्याला वर्षभराने कळते, तोवर फड रिकामा झालेला असतो. बिल १४ दिवसांत द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. एकरी ४० टन, टनाला ३०००, म्हणजे १,२०,००० रुपये मुदतीनंतर ६० दिवस अडकले तर व्याज २९५९ रुपये होते. हे व्याज शेतकऱ्याला मागता येते. थकबाकी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलासारखी वसूल करण्याची तरतूद आहे. मागणीसोबत काटापावत्या आणि बिलाची प्रत जोडलेली बरी, म्हणून प्रत्येक खेपेची पावती घ्यावी.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच आहे: दराची प्रत्येक बातमी देताना मागच्या हंगामाचा उतारा, तोडणी-वाहतुकीची कपात, हातात पडणारी रक्कम आणि बिल जमा झाल्याची तारीख हे चार आकडे कारखानानिहाय छापावेत. खानापूर, निपाणी, अथणीकडच्या अनेक मराठी शेतकऱ्यांना कन्नड पावती वाचता येत नाही. एका पावतीचा नमुना छापून निव्वळ वजन, पाचटाची वजावट आणि कपाती कोणत्या रकान्यात असतात ते हंगाम संपण्याआधी मराठीत दाखवावे.

आपला,
एक ऊस उत्पादक, चिकोडी तालुका