जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम नकोच

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत राजस्थानवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात ‘किल्ल्याच्या आतच हॉटेल घ्या, फील येतो’ असं जे लिहिलंय ना त्यावर बोलायचंय, कारण गेल्या डिसेंबरात आम्ही नेमकं तेच करून आलोय.

आधी आम्ही चार जण जैसलमेरजवळच्या खुरी गावाकडच्या वाळूत तीन दिवस पायी फिरलो. साम गावाकडच्या वाळूत जीप आणि डीजेचा धुडगूस असतो म्हणून तिकडे गेलोच नाही. सामान उंटावर, आपण चालत. भुरट नावाच्या गवताचे काटे मोज्यांना असे चिकटतात की संध्याकाळी तेच एक काम होऊन बसतं. आणि रात्री उंटवाल्या काकांनी सगळी भांडी कोरड्या वाळूनं घासली, फडक्यानं पुसली, झालं! थेंबभरही पाणी नाही. माझी बायको ताट हातात घेऊन दिव्याजवळ उलटसुलट करून बघत होती, कुठे तेलकटपणा राहिलाय का म्हणून. नव्हता.

मग जैसलमेरला येऊन रोज एकेक ठिकाण. लोद्रवा ही जैसलमेरच्या आधीची राजधानी, तिथलं पार्श्वनाथाचं मंदिर, मग कुलधरा हे ओसाड पडलेलं गाव. कुलधऱ्याला गाइड भुताच्या गोष्टी सांगतो आणि आपले लोक तेवढंच ऐकून रील काढतात, पण तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची खरी कमाल म्हणजे खडीन, उताराला बांध घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं आणि त्या ओलीवर गहू, हरभरा काढायचा. तेही वर्षाला जेमतेम २०० मिमी पावसात.

आणि हे सगळं बघून आम्ही किल्ल्यातल्या हॉटेलात गिझर लावून दहा दहा मिनिटं शॉवर घेतला! सकाळी खोलीच्या मागच्या भिंतीवर हिरवं शेवाळ दिसलं. वाळवंटात शेवाळ! पाइपमधून पाणी पाझरत होतं, मॅनेजरला सांगितलं तर ‘होता है साब’.

११५६ साली रावल जैसलनं वसवलेला हा किल्ला, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत, ९९ बुरूज, आत आजही लोक राहतात. पण खालची टेकडी ठिसूळ दगडाची आणि चिकणमातीच्या थरांची आहे, तिथं पाणी मुरलं की पाया हलतो. कळशी-बादलीच्या हिशोबाने वसलेल्या वस्तीत नळ आले, मग हॉटेलं आली, आणि काही बुरूज, भिंतींचे भाग ढासळलेत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना काय बोलणार, त्यांचं घर आहे ते, पण दोन रात्रींच्या पाहुण्यांनी तरी तिथं नळ कशाला सोडायचा?

तेव्हा पुढच्या पुरवणीत दोन ओळी छापाच. खाली गावात भरपूर हॉटेलं आहेत, आणि संध्याकाळी तिथल्या गच्चीवरून अख्खा किल्ला पिवळाधमक दिसतो, आत राहून आम्हाला फक्त समोरच्या हॉटेलची पाण्याची टाकी दिसत होती.

एक वाचक, डोंबिवली