रातच्या लाईनीवरून

गज्या,

तुझा मेसेज आला, धाकट्याच्या एमआरआयमध्ये काय निघालं म्हणून, तर आता शेतातून लिहून राह्यलो. रातची लाईन हाये, हरभऱ्याले ओलीत चालू हाये, बोटं थंडीनं आकडली, अन् धाकटा धुऱ्यावर शेकोटीपाशी बसून हाये. काहीच नाई निघालं बावा. रिपोर्ट नॉर्मल. माय म्हणे मग पोराले आजारच नाई, अन् मी तिथंच बाकावर डोकं धरून बसलो, कापसाचे पैसे घातले होते त्यात.

डॉक्टरीणबाईनं मग समजावलं. आपण काढला तो मेंदूचा नुसता फोटो, गाठ-बिठ पाह्यले. स्किझोफ्रेनियावर, म्हंजे धाकट्याले हाये त्या भास-भ्रमाच्या आजारावर, संशोधन करणारे फंक्शनल एमआरआय काढतात, माणूस गुमान पडून राहते अन् मशीन रक्तातल्या ऑक्सिजनवरून पाहते का मेंदूचे कोणते भाग संगंसंगं वरखाली होतात. पहिले पूर्ण स्कॅनचा एकच हिशोब लावत, आता अर्ध्या-पाऊण मिनिटाचे तुकडे पाडूनबी पाहतात, कारण ही जोडणी घडीघडी बदलते, तुझीबी अन् माझीबी. 2014 च्या एका अभ्यासात दिसलं का दूरदूरचे भाग घट्ट जोडलेल्या अवस्थेत पेशंटचा मेंदू कमी वेळ टिकते, सैल अवस्थेत जास्त रेंगाळते.

तू म्हणे त्याच्या डोक्यातली वायर तुटली. मले तर ते पाण्याच्या दांडावानी वाटते, विहीर तीच, पाणी तेवढंच, फक्त एका साऱ्यातून दुसऱ्यात वळवायचं टायमिंग हुकते. मेंदूत हे वळवायचं काम सेलियन्स नेटवर्क, म्हंजे महत्त्वाचं काय ते हेरणाऱ्या भागांचं जाळं, करते म्हणे, मनातल्या इचारातून बाहेरच्या कामाकडे अन् परत. तिथं गडबड झाली का फालतू गोष्टीलेबी अर्थ चिकटते. पोळ्याले धाकट्यानं बैलाची घुंगरं तोडली होती, आठवते? त्याले वाटे ते त्याचंच नाव घेऊन राह्यले. अन् आपण हासलो होतो बे.

पण हे सारं गटाच्या सरासरीचं. एकट्याचा स्कॅन पाहून निदान होत नाई, ते अजूनबी बोलूनच, बाईनं अर्धा तास त्याच्याशीच गोष्टी केल्या. इंजेक्शन महिन्याले चालू हाये.

आत्ताच पाणी वळवायले उठला, अन् फावडं धरून तसाच उभा, कान देऊन. सारा भरून पाणी धुऱ्यावरून गेलं. मी ओरडलो नाई, जवळ जाऊन म्हटलं, फोड आता. थोड्या वेळानं फोडलं त्यानं.

मोटर थांबली, लाईन गेली वाटते. संक्रांतीले येशील तर त्याच्यासाठी जुना रेडिओ आण, मागत होता.

तुझा
सुध्या