'बिस्तारै, बिस्तारै'

महोदय,

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधील सिंधुपाल्चोक जिल्ह्यात शाळा उभारणीसाठी स्वयंसेवक म्हणून गेले होते. पावसात रस्ता खचे, छताचे पत्रे अडकून पडत; मी चिडत असे. शेजारची आजी म्हणे, 'बिस्तारै, बिस्तारै', म्हणजे सावकाश. तिचे स्वतःचे घर पडले होते, तरी ढिडो (पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा) आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) आधी आमच्या ताटात. मी दर वेळी 'धन्यवाद' म्हणे, ती संकोचून हसे. घरच्या माणसाचे कसले आभार! भूकंप शनिवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी झाला म्हणून नातवंडे वाचली, हे मात्र ती रोज हात जोडून सांगे. मदतीला जाणाऱ्या तरुणांनी किमान महिनाभर राहावे, अशी विनंती. पहिल्या आठ दिवसांत मला तिचे बोलणेही नीट कळत नव्हते.

– एक शिक्षिका, सातारा