न वाढलेल्या माशाचा पंचनामा कोण करणार?

महोदय,

मुरबाड तालुक्यात आमचे रोहू-कटल्याचे छोटे शेततळे आहे. गेल्या हिवाळ्यात मासे कडेला अंग घासू लागले, खाद्य तसेच उरू लागले. जाळे टाकून पाहिले तर अंगावर चपट्या उवा, म्हणजे आर्ग्युलस. मासे फारसे मेले नाहीत, त्यामुळे बाहेरच्याला नुकसान दिसतच नाही. पण किलोभर व्हायचा रोहू अर्ध्यावरच अडला, खाद्याचा खर्च चालूच राहिला आणि अंगावरचे लाल चट्टे पाहून व्यापाऱ्याने भाव पाडला. मेलेला मासा मोजता तरी येतो!

ही ऊ बांबू, दगड अशा टणक जागी अंडी घालते. ते बांबू काढून उन्हात वाळवले, हंगाम संपल्यावर तळे कोरडे केले, तर बराच उपद्रव थांबतो. बीज, म्हणजे माशांची पिल्ले, तळ्यात सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढणेही स्वस्तातले. हे आम्हाला बीज घेताना कोणी सांगितले नाही. मग शेतकरी ऐकीव सल्ल्याने कीटकनाशक ओततो. मात्रा चुकली की उवांसोबत माशांचे नैसर्गिक खाद्यही मरते. उवा निदान डोळ्यांना दिसतात; कल्ल्यांतले परजीवी कृमी तर सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाहीत.

२०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा दिला, याचा मनापासून आनंद आहे. आता ठाणे जिल्ह्यात तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस द्यावा, आणि विम्यात परजीवींमुळे घटलेले वजनही धरावे, ही कळकळीची विनंती.

– एक मत्स्यशेतकरी, मुरबाड (जि. ठाणे)