कोटींच्या कार्डापलीकडचे खेळाडू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत बेसबॉल कार्डांची (खेळाडूचा फोटो आणि आकडे छापलेल्या संग्राह्य कार्डांची) बातमी येते ती बहुधा लिलावाची. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या विख्यात बेसबॉलपटूचे १९५२ सालचे, टॉप्स या कंपनीचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, तेव्हाही तसेच झाले. आकडा खरा आहे. पण अशा बातम्यांमुळे जुने कार्ड म्हणजे घबाड आणि हा छंद म्हणजे धनिकांचे काम, असे दोन्ही गैरसमज रुजतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुले मित्रांच्या नादाने कार्डे जमवू लागतात आणि आईवडिलांना नेमके काय घेऊन द्यावे ते कळत नाही. त्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते, की सुरुवात मोठ्या नावांपासून करू नका. बारा गावचे पाणी प्यालेल्या, दर दोन वर्षांनी संघ बदलणाऱ्या खेळाडूंपासून करा. त्यांची कार्डे परवडतात आणि खेळाचा इतिहास त्यांच्यातच जास्त सापडतो.

डिक लिटलफील्ड हा डावखुरा गोलंदाज घ्या. १९५० ते १९५८ या काळात तो रेड सॉक्स, व्हाइट सॉक्स, टायगर्स, ब्राउन्स, पायरेट्स, कार्डिनल्स, जायंट्स, कब्ज आणि ब्रेव्ह्जकडून खेळला. मध्येच १९५४ मध्ये ब्राउन्स संघच सेंट लुईस सोडून बाल्टिमोरला गेला आणि ओरिओल्स झाला, म्हणून दहावी टोपी. त्याच्या नावावर ३३ विजय आणि ५४ पराभव आहेत. १३ डिसेंबर १९५६ रोजी ब्रुकलिन डॉजर्सने नामवंत खेळाडू जॅकी रॉबिन्सनला जायंट्सकडे देण्याचे ठरवले, तेव्हा बदल्यात रोख रकमेसोबत येणारा खेळाडू होता हाच लिटलफील्ड. रॉबिन्सनने निवृत्ती जाहीर केली आणि सौदा रद्द झाला. रॉबिन्सनचे चांगले कार्ड घ्यायला हजारो डॉलर लागतात; लिटलफील्डचे मध्यम अवस्थेतले कार्ड बहुतेक वेळा मुलाच्या खाऊच्या पैशांत येते.

गोलंदाज बोबो न्यूसम तर वॉशिंग्टनच्या संघात पाच वेगवेगळ्या वेळा आला. १९२९ ते १९५३ या कारकिर्दीत २११ विजय, २२२ पराभव. तीन हंगामांत वीस किंवा अधिक सामने जिंकले, तीन हंगामांत वीस हरला. जोएल यंगब्लडने ४ ऑगस्ट १९८२ रोजी दुपारी शिकागोत मेट्सकडून फर्गसन जेन्किन्सला हिट (तळ गाठून देणारा फटका) मारली, त्याच दिवशी त्याचा सौदा झाला आणि रात्री फिलाडेल्फियात मॉन्ट्रियल एक्सपोजकडून स्टीव्ह कार्लटनला. एकाच दिवशी दोन शहरांत, दोन संघांकडून, दोन थोर गोलंदाजांना! एडविन जॅक्सन २००३ ते २०१९ मध्ये १४ संघांकडून खेळला. २५ जून २०१० रोजी अॅरिझोनाकडून त्याने टाकलेल्या नो-हिटरमध्ये (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न दिलेल्या सामन्यात) १४९ चेंडू आणि आठ वॉक (फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला तळ) होते. हे लोक फक्त ‘भरतीचे’ नव्हते.

संघ बदलणाऱ्यांची कार्डे पाहण्यात वेगळीच गंमत असते, कारण छापखाना त्यांच्या मागे धावत असे. फोटो वसंतातल्या सराव शिबिरात काढलेला आणि कार्ड निघेपर्यंत खेळाडू दुसरीकडे गेलेला. मग टॉप्सचे चित्रकार टोपीवरचे बोधचिन्ह रंगाने बुजवत किंवा नवे रंगवत. १९६९ च्या संचात टोपीविना किंवा जुन्या फोटोतले चेहरे भरपूर दिसतात. त्या वर्षी चार नवे संघ आले होते आणि त्याआधी खेळाडू संघटनेने टॉप्सच्या फोटोंवर बहिष्कार घातला होता. सिएटल पायलट्स हा संघ १९६९ चा एकच हंगाम टिकला, पण त्याची कार्डे १९७० च्या संचातही आहेत, कारण पुढचा हंगाम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर तो मिलवॉकीला हलला. १९८१ पासून टॉप्सने बदली झालेल्यांचा १३२ कार्डांचा वेगळा संच डबीत काढला; अशा खेळाडूंचा माग काढायला तो सर्वांत सोयीचा. मागच्या बाजूचे आकडेही वाचा. १९५७ पासून टॉप्सने वर्षवार पूर्ण कारकीर्द छापायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक ओळीत नवे गाव दिसते.

खरेदीतला पहिला सापळा क्रमांकांचा. १९७३ पर्यंत टॉप्सचा संच टप्प्याटप्प्याने निघे. शेवटचा टप्पा उन्हाळा सरताना येई, दुकानदार तो कमी मागवत, म्हणून त्यातली कार्डे दुर्मीळ. शेवटच्या टप्प्यातले कार्ड-क्रमांक असे: १९५२ मध्ये ३११ ते ४०७, १९६६ मध्ये ५२३ ते ५९८, १९६७ मध्ये ५३४ ते ६०९, १९७२ मध्ये ६५७ ते ७८७. या क्रमांकांतला अगदी अनोळखी खेळाडूही कित्येक पट महाग पडतो. एका खेळाडूची सगळी कार्डे जमवायची तर आधी वर्षवार यादी करून त्याचा क्रमांक कुठल्या टप्प्यात पडतो ते पाहा, आणि महागडे कार्ड पहिले शोधा. स्वस्त कार्डे कधीही मिळतात.

दुसरा सापळा कापलेल्या कार्डाचा. झिजलेले कोपरे लपवण्यासाठी कडा कापतात. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डे २ ५/८ × ३ ३/४ इंच, १९५७ पासूनची २ १/२ × ३ १/२ इंच, १९०९ ते १९११ ची सिगारेटच्या पाकिटातली टी२०६ मालिका १ ७/१६ × २ ५/८ इंच. मोजपट्टीवर विसंबू नका, कारण मूळ कापणीतही केसभर फरक असे. त्याच संचाचे खात्रीचे साधे कार्ड खाली ठेवून चारही कडा जुळवा; कापलेली कड ताजी, धारदार किंवा किंचित वक्र दिसते. १९७१ च्या संचाची किनार काळी आहे. तिचे टवके उडाले की लोक मार्करने रंगवतात. कार्ड उभे धरून बाजूने पाहा, शाई कागदाच्या पांढऱ्या जाडीत उतरलेली दिसेल.

नकली छपाई ओळखायला दहापट भिंग पुरते. मूळ कार्डात नाव आणि किनारीच्या काळ्या रेषा सलग असतात. कार्डाचा फोटो काढून छापलेल्या प्रतीत त्याच रेषा ठिपक्यांनी बनलेल्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कार्डावर यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो नंतरचा समजा. दुमड शोधायला दिव्याखाली कार्ड तिरके फिरवा, विशेषतः मागची बाजू. कार्डे च्युइंगगमसोबत मेणकागदाच्या पाकिटात विकली जात; त्यामुळे मागे गमचा तपकिरी किंवा मेणाचा तेलकट डाग असणे हे मात्र दोष असले तरी अस्सलपणाला धक्का देत नाही. अशी कार्डे स्वस्तात जरूर घ्यावीत.

साठवणीत घाई नको. कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मगच टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. उघडे कार्ड सरकवले की कोपरा घासतो. १९५२ ते १९५६ ची मोठी कार्डे फायलीच्या नेहमीच्या नऊ खणांच्या प्लास्टिक पानात बसत नाहीत, त्यांना आठ खणांचे पान लागते. पान पॉलिप्रोपिलीनचे हवे. पीव्हीसी कालांतराने चिकट होते आणि छपाई उचलते. फायलीची कडी गोल नको, इंग्रजी डी आकाराची हवी, नाहीतर आतल्या ओळीच्या कार्डांवर वळ उठतो. रबर बँड तर नकोच. १९५२ च्या संचातले पहिले कार्ड, अँडी पाफ्कोचे, चांगल्या अवस्थेत इतके महाग आहे ते मुलांनी गठ्ठे रबराने बांधले आणि वरचे कार्ड कापले गेले म्हणूनच. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात कार्डे आणलीत तर पावसाळ्यात ती वाकतात आणि कागदाला कसर लागते. हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल, आणि रंग बदलला की ते काढून वाळवणे, एवढे पाळलेच पाहिजे.

कार्ड तपासून अवस्थेची श्रेणी देणाऱ्या कंपन्यांकडे प्रमाणपत्रासाठी साधी कार्डे पाठवू नयेत. शुल्क कार्डाच्या किमतीहून जास्त होते. १९८७ ते १९९३ दरम्यानची खोकी कुणी ‘गुंतवणूक’ म्हणून विकत असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. त्या वर्षांत छपाई अफाट झाली आणि बहुतेक कार्डांना आजही गिऱ्हाईक नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. लिलावाची बातमी देताना संच, कार्डाचा क्रमांक आणि अवस्थेची श्रेणी अवश्य द्यावी. मँटलचे ते कार्ड क्रमांक ३११, श्रेणी १० पैकी ९.५ होते. त्याच कार्डाची दुमडलेली प्रत त्या किमतीच्या जवळपासही जात नाही. आणि ते त्याचे पहिले कार्ड नव्हे. पहिले १९५१ चे, बोमन कंपनीचे.

आपला,
एक संग्राहक, न्यू जर्सी