पाकीट परत आलं

प्रिय विन्या,

किती महिने लिहिलं नाही ते काढू नकोस, तूही काही कमी नाहीस. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

पाकीट परत आलं. परदेशात लेखांपायी कैदेत पडलेल्या त्या माणसासाठी तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवलेलं, वर 'स्वीकारण्यास नकार'चा शिक्का. हसलास ना? "हा चार ओळींत जगातला अन्याय मिटवणार," हे तुझं वाक्य दिगू अजून तोंडावर फेकतो. पण पाकिटाची एक कड ब्लेडनं कापून वर चिकटपट्टी मारलीय. म्हणजे नाकारण्याआधी कुणीतरी वाचलंय. आत नेहमीचंच: 'महोदय, कृपया यांना वकिलाची भेट आणि रक्तदाबाची औषधं मिळावीत.' नाव लिहीत नाही. का, ते तुला सांगायला नको.

तेव्हापासून एकच घोर लागलाय. वाचणाऱ्यानं राग त्याच्यावर काढला तर? पत्र लिहिणारा मी, मार खाणार तो.

तू म्हणशील, मग गप्प बस. त्या रात्री हेच म्हणालास, दुरून केलेलं सगळं स्वतःच्या समाधानासाठी असतं, आणि मी चिलीच्या इंजिनांची गोष्ट सुरू केली तर चक्क घोरायला लागलास. आता ऐक. १९७३ मध्ये चिलीत लष्करानं सत्ता बळकावली, हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी चिलीच्या हवाईदलाच्या हॉकर हंटरची इंजिनं दुरुस्तीला स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यात आली. बॉब फुल्टन या तपासनिसानं हात लावायला नकार दिला, मग बाकीच्यांनीही. इंजिनं आवारात गंजत पडली आणि १९७८ मध्ये एका रात्री गायब झाली. कामगारांना वाटलं, गेलं सगळं पाण्यात. २०१५ साली चिलीनं फुल्टन आणि दोन साथीदारांचा सन्मान केला, तोवर सगळे म्हातारे झालेले. इतकी वर्षं उपयोग झाला की नाही हे माहीत नसताना माणूस शांत कसा राहतो, मला जमत नाही बुवा.

तुझा दुसरा टोला जास्त लागला होता: "त्यांना विचारलंस का, तुमची मदत हवी का म्हणून?" दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत उत्तर होतं. बहिष्कार घाला, असं १९५९ मध्ये तिथले वर्णभेदविरोधी नेते लुथुली यांनीच जगाला सांगितलं होतं, आपल्याच लोकांना झळ बसेल हे माहीत असून. म्हणून १९८४ मध्ये डब्लिनच्या दुकानात मेरी मॅनिंगनं तिथली ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला, त्याला अर्थ आला. खरं तर सुरुवात युनियनच्या आदेशानं झाली, वर्णभेदाची तिला फारशी माहितीही नव्हती. निम्रोद सेजाके हा दक्षिण आफ्रिकेतला परागंदा कामगारनेता संपात येऊन उभा राहायचा, त्यानं सगळं समजावलं. जवळजवळ तीन वर्षं संप. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारनं तिकडची फळं-भाज्या बंद केली.

म्हणून यावेळी वकिलामार्फत त्याच्या बायकोला विचारलं, थांबू का? ती म्हणते, थांबू नका. पण तुरुंगाऐवजी कायदामंत्र्यांना लिहा आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या मागे लागा. भाषा सभ्य ठेवा, त्याच्या लेखांचा उल्लेख नको. निदर्शनाचा तो व्हिडिओ कुणालाही पाठवू नका, इतरांचे चेहरे दिसतात. (दिगूला हे दोनदा सांगावं लागलं. आपला दिगू!) तरी घोर जात नाही, कारण तीही अंदाजानंच सांगतेय. पण अंदाज करायचा हक्क तिचा, माझा नाही, तुझा तर मुळीच नाही.

लेकीचं लग्न ठरलं म्हणे. दिगूकडून कळावं? अभिनंदन, वहिनींना नमस्कार. पेन्शनचे कागद हलले का?

खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत आहे. शिव्या फोनवर दे, पण सही करून आठवडाभरात परत पाठव.

तुझा,
शऱ्या