जावास्क्रिप्टमधला शेल लिहून राहिलो, जुने लॅपटॉप, थोडे पैसे अन् सी भाषा येणारा माणूस पाहिजे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपुरातली काही कोडिंगवाली मंडळी रविवारी धरमपेठेत जमतो, अन् सध्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत कमांड लाइनचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिहून राहिलो. पूर्ण ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, कोणीही घ्या, वापरा, बदला.

आता तुम्ही विचारालच की बॅश नावाचा शेल 1989 पासून आहे, झेडशेल आहे, फिश आहे, मग हा उपद्व्याप काहून? बॅशला टक्कर द्यायला नाही भाऊ, तेवढी अक्कल आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरापोरींना जावास्क्रिप्ट येते, सी येत नाही, अन् बॅशचा सगळा कोड सीमध्ये, म्हणून रोज टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) वापरूनही आत काय चालतं ते त्यांना कधी दिसतच नाही. नोडमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लिहिलं की तेच पोरगं फाइल उघडून स्वतः वाचते, बदलते, मोडते.

सीडीचंच घ्या, म्हणजे फोल्डर बदलायच्या कमांडचं. बाकी कमांडसाठी आपण स्पॉन करतो, म्हणजे वेगळा प्रोग्राम सुरू करतो, नवीन प्रोसेस येते, काम करते, संपते. सीडीलाही तसंच केलं तर फोल्डर बदलतो तो त्या संपलेल्या प्रोसेसचा अन् आपण जिथल्या तिथंच! म्हणून सीडी शेलच्या आतच लिहावी लागते. विंडोजवर आणखी गंमत, तिथं फाइलींची यादी दाखवणारा डीआयआर नावाचा प्रोग्रामच नाही, ती सीएमडी या विंडोजच्या शेलच्या पोटातली कमांड, त्यामुळे थेट स्पॉन केलं की सरळ एनोएंट, म्हणजे ‘असं काही सापडलं नाही’, ही एरर. हे एकदा हातानं लिहून पाहिलं की पुन्हा समजावून सांगायची गरज पडत नाही.

पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं) झाले, रीडायरेक्ट (आउटपुट फाइलमध्ये टाकणं) झालं, कमांड नाही सापडली तर 127 हा एक्झिट कोडही देतो. गाडी अडली ती कंट्रोल झेडवर. चालू काम थांबवून मागे टाकायचं अन् परत पुढे आणायचं, तर टर्मिनलचा ताबा एका प्रोसेस ग्रुपकडून दुसऱ्याकडे द्यावा लागतो, अन् ते फंक्शन नोडमध्ये मिळत नाही. त्यासाठी सीमध्ये छोटासा अ‍ॅडऑन, म्हणजे नोडला जोडायचा तुकडा, लिहावा लागेल. कोणी रिटायर झालेले सिस्टिम प्रोग्रामर असतील, युनिक्सवर हात काळे केलेले, तर दोन-तीन रविवार द्या ना राव, चहा अन् तर्री पोहे आमच्याकडून.

दुसरं अडलेलं काम मराठीचं. एरर मेसेज मराठीत आले, पण मराठी नावाची फाइल टाइप करताना बॅकस्पेस मारला की कर्सर भलतीकडेच, कारण ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसते पण आत चार कोड असतात. इंटल सेगमेंटर या जावास्क्रिप्टमधल्या सोयीनं अक्षरं नीट तुटतात, तरी वेगवेगळ्या टर्मिनलमध्ये बसून तपासणारी माणसं पाहिजेत. याला कोडिंग यायची गरज नाही, मराठी टायपिंग आलं की झालं.

अन् आता पैशाचं. खोलीचं भाडं, इंटरनेट अन् मे महिन्यात कूलर, कारण नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली बसून डिबगिंग होत नाही. 100 रुपयेही चालतील, रोजचा हिशोब ग्रुपवर टाकतो, कोणीही तपासावा. घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही द्या, 4 जीबी रॅम असली तरी त्यावर लिनक्स टाकून नोड आरामात चालते. देण्याआधी आपले फोटो, कागदपत्रं तेवढी काढून घ्या.

ज्यांच्याकडून हा मेसेज आला त्यांनाच सांगा, सामान घरून घ्यायला पोरं येतील. फक्त चार्जर आठवणीनं द्या, बिनचार्जरचे लॅपटॉप आमच्याकडं आधीच पडून आहेत.